चार आमची, एक त्यांचं

सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा 'वरिष्ठ तंत्रज्ञ, श्रेणी दोन' असा होता, पण वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. रडार बिघडलं की मीटर हातात घेण्याआधी ते त्याच्या कपाटाच्या पत्र्यावर तळवा टेकायचे, डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे आणि मग सांगायचे, "वीज ठीक आहे. पंखा कुरकुरतोय. पण दुखणं दुसरीकडेच आहे." दहातल्या आठ वेळा ते खरं निघायचं. उरलेल्या दोन वेळा ते स्वतःवरच चिडून दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. अर्थात एरवीही ते फारसे बोलत नसत, त्यामुळे लोकांच्या ते लक्षातही येत नसे.

एकतीस वर्षं त्यांनी फौजेची रडारं दुरुस्त केली होती. त्यातली नऊ डोंगरमाथ्यावरच्या एका ठाण्यात आणि बाकीची शहराबाहेरच्या वर्कशॉपमध्ये. काम गुप्त. फाटकाच्या आतलं फाटकाच्या आत. सुरुवातीला घरी काही बोलायचं नाही हे त्यांना जड गेलं, मग सवय झाली, आणि मग ती सवयच स्वभाव होऊन बसली. बायको शेजारणींना सांगायची, "हे घरी येतात हो वेळेवर, पण तोंड तिकडे लॉकरमध्ये ठेवून येतात." शेजारणी हसायच्या. तीही हसायची. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात, नवरा आणि चार वर्षांच्या मुलीबरोबर. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेता का, अंघोळीला पाणी नीट तापतं का. वैद्यबुवा 'हो' म्हणायचे. या फोनमध्ये एक अढी होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती. आईचं दुखणं त्यांनी लेकीपासून लपवलं होतं. लेक तेव्हा पोटुशी होती आणि बायकोनंच गळ घातली होती, "तिचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग सांगू." बाळंतपण सुखरूप झालं. सांगितलं तेव्हा आईचे अकरा दिवस उरले होते. लेक त्यावर एकदाच बोलली होती. "आई सांगू नका म्हणाली असेल, बाबा. पण तुम्हाला गप्प बसायला किती सोपं गेलं!"

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना एका सकाळी संचालकांनी त्यांना बोलावलं. देश नवी रडारं विकत घेणार होता, दुसऱ्या एका देशाकडून. वाटाघाटीला शिष्टमंडळ जाणार होतं आणि शिष्टमंडळाच्या प्रमुख बाईंनी हट्ट धरला होता, की ज्याचे हात प्रत्यक्ष यंत्रात गेलेत असा एक तरी माणूस मला बरोबर हवा.

"अकरा दिवस," संचालक म्हणाले. "कुठे जाताय ते घरी सांगायचं नाही. ट्रेनिंग आहे म्हणा."

"घरी कुणी नाही साहेब."

"मुलीला सांगायचं नाही."

त्यांनी लेकीला सांगितलं, खात्याचं ट्रेनिंग आहे, मोबाइल जमा करावा लागतो, रविवारी जमेल तसा मीच करीन. "या वयात ट्रेनिंग?" ती म्हणाली. ते म्हणाले, "खातं आहे, काहीही करतं." पहाटे दोन माणसं गाडी घेऊन आली आणि ते लेकीच्या लग्नात शिवलेला कोट घालून निघाले. कोट आता खांद्यांवर टांगल्यासारखा दिसत होता.

वाटाघाटीची खोली लांबुळकी होती, एका भिंतीला उंच खिडक्या, पण पडदे कायम ओढलेले. मधोमध लांब टेबल. अलीकडे आपले सहा, पलीकडे त्यांचे सात. प्रत्येकापुढे कोरी वही, पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. त्या लोकांच्या पाट्या त्यांच्याच लिपीत होत्या, वैद्यबुवांना एकही अक्षर लागत नव्हतं. प्रमुख बाई, ज्यांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणत, मधल्या खुर्चीवर बसत. केस पांढरे, आवाज बारीक, पण त्या बोलू लागल्या की दोन्हीकडची पेनं थांबायची.

पहिल्याच दिवशी बाईंनी वैद्यबुवांना बजावलं होतं. "टेबलावर तुम्ही बोलायचं नाही. काही खटकलं तर चिठ्ठी लिहून माझ्याकडे सरकवा. मी वाचली की नाही हे माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न करू नका." संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या गोळा होऊन यंत्रात बारीक कापल्या जात. वैद्यबुवांना ही व्यवस्था मनापासून पसंत पडली. आयुष्यभर ते जणू अशाच नोकरीची वाट बघत होते.

त्यांच्या बरोब्बर समोर, पलीकडच्या रांगेच्या टोकाला, एक माणूस बसायचा. खूप उंच, पाठीत वाकलेला, कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर राहिलेल्या. तोही बोलत नसे. तोही चिठ्ठ्या लिहायचा. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ होती, सोल्डरिंग करणाऱ्याच्या बोटात मुरते तशी. वैद्यबुवांनी आपलं नख बघितलं. मनात त्यांनी त्याचं नाव लंबू ठेवून टाकलं. खाण्याच्या सुट्टीत दोघं एकाच वेळी चहाच्या यंत्रापाशी यायचे, मान हलवायचे आणि आपापल्या भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकमेकांशी खासगीत बोलू नये असा नियम होता.

चौथ्या दिवशी घोडं अडलं. रडारच्या पोटात एक सीलबंद डबा होता. आकाशातून परत आलेल्या लहरींतून विमान कुठलं आणि पक्षी कुठला हे वेचून काढायचं काम त्या डब्याचं. तो गेला की रडार आंधळं. करारात लिहिलं होतं, की घेणाऱ्यांनी डबा उघडायचा नाही. बिघडला तर शिलकीतला बसवायचा आणि बिघडलेला आमच्याकडे पाठवायचा. आम्ही तो नव्वद दिवसांत दुरुस्त करून देऊ.

वैद्यबुवांनी चिठ्ठी लिहिली: 'हे मान्य करू नका.' बाईंनी ती वहीखाली सरकवली आणि पुढच्या कलमाकडे वळल्या.

संध्याकाळी त्यांनी वैद्यबुवांना आपल्या हॉटेलच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागदांची चळत होती.

"चार शब्दांच्या चिठ्ठीवर मी काय करू?" बाई म्हणाल्या. "का नाही मान्य करायचं, ते सांगा."

वैद्यबुवा खुर्चीच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "बाई, मी डोंगरावर होतो तेव्हा असंच रडारमधलं एक सर्किटचं कार्ड दुरुस्तीला बाहेर पाठवलं होतं. दुसऱ्या देशात. तीन महिन्यांत येणार होतं. मधेच दोन्ही सरकारांचं काहीतरी बिनसलं. काय ते आम्हाला कधी कळलं नाही. कार्ड चौदा महिने आलं नाही. रडार बंद. एका सकाळी धुकं होतं. आपलंच मालवाहू विमान येत होतं. आम्ही त्याचा आवाज ऐकला. दिसत नव्हतं. फार खालून येतंय ते, हे आम्हाला आवाजावरून कळलं, पण नेमकं कुठे आहे हे त्याला सांगणार कसं? पलीकडच्या उतारावर आदळलं. सहा माणसं. मी वर गेलो होतो, उचलायला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चौकशी झाली होती?"

"झाली. 'खराब हवामान' असं लिहिलं."

"म्हणजे कार्डाचा उल्लेख कागदावर कुठेच नाही."

"नाही."

"मग टेबलावर तो चालणार नाही, वैद्यबुवा." हे त्या कठोरपणे म्हणाल्या नाहीत. "मला इथून सात गोष्टी न्यायच्यात. मिळतील तीन. तुमची कितवी लावू?"

"मला फक्त हीच कळते," वैद्यबुवा म्हणाले. "बाकीच्या सहा मला माहीत नाहीत."

आपल्या खोलीत परतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की विमानाची गोष्ट आपण आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं सांगितली. त्या वेळी डोंगरावरून घरी आले तेव्हा घास घशाखाली उतरत नव्हता. बायकोनं विचारलं तर म्हणाले, पोट बिघडलंय. तिनं पंधरा दिवस त्यांना अळणी पथ्यावर ठेवलं. रोज समोर बसून विचारायची, "आज बरं वाटतंय का?" आणि ते रोज म्हणायचे, "थोडं."

पाचव्या दिवशी सगळ्यांना रडार दाखवायला शहराबाहेर नेलं. सपाट मैदान, अंगात शिरणारा वारा आणि मधे एका भल्यामोठ्या ट्रकवर संथ फिरणारा अँटेना. साहेबलोक तंबूत जेवायला गेले. वैद्यबुवांना भूक नव्हती. ते ट्रकच्या मागच्या केबिनच्या आडोशाला गेले आणि सवयीनं तळवा पत्र्यावर टेकवून उभे राहिले. डोळे उघडले तर शेजारी लंबू उभा होता. त्यानंही तळवा टेकवलेला होता.

दोघं हसले. इंग्रजी दोघांचंही मोडकंतोडकं, पण दोघांचं एकाच जागी मोडलेलं, त्यामुळे अडलं नाही.

"पंखा," वैद्यबुवा म्हणाले. "डावीकडचा."

"महिनाभर सांगतोय मी," लंबू म्हणाला. "बदलत नाहीत."

मग लंबूनं सांगितलं, की तो सात हिवाळे उत्तरेकडच्या एका ठाण्यात होता. आठ आठ महिने बर्फ. तो, आणखी एक माणूस, एक रडार आणि एक कुत्रा. "तो माणूस बदली मागून गेला," तो म्हणाला. "कुत्रा म्हातारा होऊन गेला. रडार आणि मी राहिलो." वैद्यबुवांना हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. त्यांनी आपल्या डोंगराविषयी सांगितलं. हातांनी धुकं दाखवलं. विमानाचं सांगितलं नाही. पण बोलता बोलता हात थांबले, तेव्हा लंबूनं खाली बघत मान हलवली, जणू त्याच्याकडेही तसलंच काहीतरी होतं.

"तिथे डबा बिघडला की?" वैद्यबुवांनी विचारलं. "आठ महिने बर्फ, तर पाठवत कसे होता?"

लंबूनं तंबूकडे बघितलं. मग हाताची पाच बोटं वर केली, अंगठा मिटला आणि उरलेली चार हलवली. "आत पाच कार्डं. चार आमची." त्यानं आपल्या छातीला आणि मग वैद्यबुवांच्या छातीला बोट लावलं. "साधी कार्डं. कुणी चांगला मिस्त्री बदलेल." मग अंगठा वर केला. "एक त्यांचं." आणि तंबूकडे मान वळवली.

एवढंच. कुणीतरी हाक मारली आणि तो मोठमोठ्या ढांगा टाकत निघून गेला.

वैद्यबुवांना त्या रात्री झोप लागली नाही. हाती आलेली ही गोष्ट बाईंना सांगितली असती तर काम फत्ते झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी टेबलावर 'आत पाच कार्डं आहेत ना?' असं विचारलं, की पलीकडची बाकीची सहा माणसं कुणाकडे वळून बघतील हे त्यांना दिसत होतं. कित्येक वर्षांत एका माणसानं त्यांना 'आपण' धरून काहीतरी सांगितलं होतं. ते कसं विकायचं? आणि नाही सांगितलं, तर कुठल्या तरी डोंगरावर कुणीतरी पुन्हा नुसता आवाज ऐकत उभं राहणार.

त्यांनी सांगितलं नाही. सहावा दिवस तसाच गेला.

त्या दिवशी रविवार होता. वकिलातीतल्या एका खोलीतून घरी एकच फोन करायची परवानगी मिळाली. समोर एक अधिकारी बसलेला. वैद्यबुवांनी लेकीचा नंबर लावला. वाजत राहिला. परक्या देशाचा लांबलचक नंबर बघून तिनं तो उचलला नसणार. त्यांनी पुन्हा लावला. तिनं कापला.

"आणखी एकदा करू?"

अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. "तुमच्या मागे चार माणसं थांबलीयत, काका."

सातव्या दिवशी पुन्हा तेच कलम निघालं. पलीकडचे प्रमुख, गोरेगोमटे, हसतमुख गृहस्थ, दुभाष्यामार्फत म्हणाले, "हा विश्वासाचा प्रश्नच नाही. डबा उघडण्याजोगा नाहीच. आमचे स्वतःचे लोकही ठाण्यावर तो उघडत नाहीत. बदलतात."

वैद्यबुवांनी समोर बघितलं. लंबू आपली नखं बघत होता.

आणि वैद्यबुवांच्या हातानं चिठ्ठी लिहिली. 'बिघडलेला डबा लावून दुरुस्ती समोर दाखवायला सांगा. माझ्यासमोरचा माणूसच करू दे.' शेवटचं वाक्य लिहून ते थांबले. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. सरकवली.

बाईंनी वाचली, वहीखाली ठेवली, पाणी प्यायल्या, दुसऱ्याच कलमावर तीन प्रश्न विचारले आणि मग जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हणाल्या, "डबा बदलायला किती वेळ लागतो ते आम्हाला एकदा बघायचंय. तुमचे हे तंत्रज्ञ आहेतच ना इथे?"

हसतमुख गृहस्थ आनंदानं हो म्हणाले. यंत्राचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता.

आठव्या दिवशी पुन्हा मैदान, पुन्हा वारा. कारखान्यातून मुद्दाम एक बिघडलेला डबा आणून बसवला. केबिनमधला पडदा काळा झाला. लंबूनं बिघडलेला डबा काढला, शिलकीतला बसवला, अठरा मिनिटांत पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. सगळे निघू लागले.

वैद्यबुवा हलले नाहीत. बाकावर ठेवलेल्या बिघडलेल्या डब्याला त्यांनी तपासणीची वीज जोडायला सांगितलं, तेही खुणेनंच. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग त्यांनी डब्यावर तळवा टेकवला. बारीक, एकसारखी थरथर होती. वीज येत होती. आतलं सगळं मेलेलं नव्हतं.

नियम होता बोलायचं नाही. ते बोलले. लंबूकडे बघून, त्या दोघांच्या मोडक्या इंग्रजीत. "हा मेलेला नाही. आजारी आहे."

लंबूनं डब्याकडे बघितलं. मग वैद्यबुवांकडे. ती नजर वैद्यबुवा पुढे कधीच विसरले नाहीत. त्यात राग नव्हता. 'तू हे का करतोयस ते मला कळलंय' एवढंच होतं. आजाऱ्याला मेलेला म्हणून सोडून जाणं त्या माणसाच्या हातांना जमणार नाही, हे वैद्यबुवांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःवरून ओळखलं होतं. आणि लंबूलाही कळलं होतं, की याला ते ठाऊक आहे.

लंबूनं पाना घेतला.

प्रमुख त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. लंबू वळला नाही. प्रमुख पुन्हा म्हणाले, आता हसू नव्हतं. लंबू आठ स्क्रू काढून एका झाकणात मांडत होता. मग डबा उघडला. आत ओळीनं पाच कार्डं. चार उघडी, कुठल्याही जुन्या यंत्रात असतात तशी, आणि एक राखाडी पत्र्याच्या कवचात, त्याला शिशाचं सील लावलेली तार. लंबूनं मीटर लावलं, उघड्या चारांतलं दुसरं कार्ड काढलं, आपल्या हत्यारांच्या खोक्यातलं नवं बसवलं. बारा मिनिटं. डबा ट्रकवर चढवला. पडद्यावर हिरवे ठिपके आले.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई पडद्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "छान काम करतात तुमचे लोक."

परतीच्या गाडीत बाईंनी विचारलं, "तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हात लावल्यावर अंदाज आला," वैद्यबुवा म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. ज्या उत्तराची नोंद करावी लागेल तो प्रश्न त्या कधीच विचारत नसत.

नवव्या दिवशी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला दुसराच माणूस बसला होता. तरुण, बाह्या मापाच्या, नखं स्वच्छ. पाटीही बदललेली. वैद्यबुवा चहाच्या यंत्रापाशी सुट्टी संपेपर्यंत उभे राहिले. कोणी आलं नाही. दुभाष्याला विचारायचं त्यांनी मनाशी तीनदा ठरवलं. पण काय विचारणार? नाव ठाऊक नव्हतं. 'तो उंच माणूस' म्हणून विचारलं, तर त्या माणसाची चौकशी आपल्याकडचा कुणीतरी करतोय, ही बातमी तिकडे पोचली असती. त्यानं त्याचं आणखीच वाटोळं झालं असतं. ते गप्प बसले. या वेळी गप्प बसणं सोपं गेलं नाही.

दहाव्या दिवशी कलम बदललं. चार कार्डं घेणाऱ्यांनी उघडावीत, दुरुस्त करावीत, त्याचं शिक्षण विकणाऱ्यांनी द्यावं. पाचवं मात्र परत पाठवावं. त्या बदल्यात बाईंनी आपल्या सातातल्या दोन गोष्टी सोडल्या. कुठल्या, हे वैद्यबुवांना कळलं नाही. सह्या झाल्या, हात मिळाले. वैद्यबुवा फोटोच्या वेळी मागच्या रांगेत होते.

अकराव्या दिवशी ते परतले, तर घराचं दार आतून उघडलं. समोर लेक. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले.

"कुठल्या हॉस्पिटलात होतात?" तिनं उंबऱ्यातच विचारलं.

झालं होतं असं. रविवारी तिनं दिवसभर वाट बघितली. सोमवारी वर्कशॉपला फोन केला, तर 'कर्मचाऱ्यांची माहिती देता येत नाही' म्हणून पलीकडून फोन ठेवला. शेजाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, पहाटे दोन माणसं येऊन घेऊन गेली, हातात बॅग होती, चेहरा ओढलेला होता. तिला एवढं पुरे होतं. पोरीला सासूजवळ ठेवून ती आली, शेजाऱ्यांकडून किल्ली घेतली आणि शहरातली पाच हॉस्पिटलं पालथी घातली.

"मी ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"आईसुद्धा ठणठणीतच होती. फोनवर."

"अगं, खरंच. कुठे होतो ते सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, का सांगायचं नाही?"

त्यांनी बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "तिकडे एक माणूस भेटला होता. चांगला होता. माझ्यामुळे त्याचं नुकसान झालं असेल. नक्की माहीत नाही. विचारताही येत नाही."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. हे उत्तर नव्हतं. पण तिच्या बापानं न विचारता स्वतःबद्दल सांगितलेलं, तिला आठवतं तसं, हे पहिलंच वाक्य होतं. ती पुढे आली. त्यांच्या अंगावरचा कोट उतरवून घेतला आणि म्हणाली, "किती ढगळ झालाय हा." मग आत जाऊन तिनं चहा टाकला. दोन दिवस राहिली. फडताळं पुसली, आईच्या साड्यांची घडी मोडून पुन्हा घातली, आणि निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी एवढं तरी सांगा, की सांगता येणार नाही म्हणून." ते म्हणाले, "सांगीन."

रविवारचे फोन त्यानंतर थोडे लांबू लागले. म्हणजे बोलायची तीच, पण ते फोन लवकर ठेवायचे नाहीत.

दीड वर्षानं रडारं आली. वैद्यबुवांच्या नोकरीचे पाच महिने राहिले होते. कराराप्रमाणे विकणाऱ्यांचे तीन तंत्रज्ञ शिकवायला आले होते आणि त्यांच्याकडून शिकून वैद्यबुवांनी ठाण्याठाण्यांवरून आलेल्या मुलामुलींच्या दोन तुकड्यांना शिकवायचं होतं. डबा कसा उघडायचा, स्क्रू कुठल्या क्रमानं काढायचे, कुठल्या चार कार्डांना हात लावायचा. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्या तिघांतल्या वयस्कर माणसाला गाठलं. हातानं उंची दाखवली, पाठ वाकवून दाखवली, बाह्या मनगटाच्या वर ओढून दाखवल्या. दीड वर्ष मनात घोकलेलं वाक्य इंग्रजीत म्हणाले, "तो बरा आहे ना?"

त्या माणसाला कळलं होतं. चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. पण तो म्हणाला, "आमच्यात असं कुणी नाही," आणि आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

'असं कुणी नाही' म्हणजे आता नाही, की कधीच नव्हतं असं म्हणायला सांगितलंय, की उत्तरेकडे बर्फात परत पाठवलंय? वैद्यबुवांनी तिन्ही अर्थ उलटसुलट लावून बघितले. काही ठरेना. पुढ्यातलं जेवण त्यांनी संपवलं, ताट धुवायला ठेवलं. दोन वाजता दुसरी तुकडी आली. त्यांनी पाना घेतला आणि पुन्हा पहिल्या स्क्रूपासून शिकवायला लागले.